पावणेबाराला थांबलेली बैठक

सरकारी नोकरी करून व्रतं पाळता येत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्याकडे यावं. फक्त दुपारी बारानंतर यावं, म्हणजे मला बोलता येईल.

माझं रोज मौन असतं. पहाटे देवापुढे दिवा लावल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी देवाला म्हटलं होतं, यांची नजर तेवढी वाचव, मी रोज दुपारपर्यंत बोलणार नाही. नजर काही वाचली नाही. पण दिलेला शब्द परत कसा मागायचा? देव म्हणजे काय भांडार खातं आहे, माल पसंत नाही म्हणून साभार परत पाठवायला? तेव्हापासून मौन चालू आहे. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझी नजर गेली आणि हिची वाचा. पण हिची रोज बाराला परत येते."

सकाळी आम्हा दोघींचं सगळं हातावर चालतं. त्यांच्या तळव्यावर एक टिचकी मारली की चहा, बोट फिरवलं की आंघोळीचं पाणी तापलंय, आणि मूठ मिटवून दिली की मी कामावर निघाले. संध्याकाळी घरी आले की मी पोथी वाचून दाखवते आणि त्या मध्येमध्ये माझे उच्चार सुधारतात. त्यांना घरात वावरायला भिंत लागते आणि भिंत सापडायला माझा आवाज लागतो. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढची सगळी धडपड त्यासाठीच होती.

आता माझं कार्यालय. मी केंद्र सरकारच्या घड्याळ निरीक्षणालयात आहे. केंद्राच्या मालकीच्या इमारतींवर जेवढी म्हणून घड्याळं आहेत, ती वेळेवर चालतात की नाही हे आम्ही पाहतो. फक्त पाहतो. एखादं घड्याळ मागे पडलं असेल तर ते मागे पडलं आहे असं आम्ही कळवतो. त्याला किल्ली देणारं खातं वेगळं, ते दुरुस्त करणारं वेगळं, आणि ते ज्या भिंतीवर टांगलंय ती भिंत इमारत खात्याची. भिंतीतला खिळा कुणाचा, यावर पत्रव्यवहार चालू आहे. मी नोकरीला लागले तेव्हाही चालू होता.

अशा ठिकाणी मौनाची काय अडचण होणार? आमच्याकडे शेजारच्या टेबलावरून टाचणी हवी असली तरी टिपणी लिहावी लागते. मी सकाळभर बोलत नाही हे खात्याच्या ध्यानात यायलाच कितीतरी दिवस गेले. शेजारच्या टेबलावरचे टिपणीकाका तर बाकीच्यांना माझं उदाहरण द्यायचे, की कामात बुडालेलं माणूस असं दिसतं. टिपणीकाका हे आमचे ज्येष्ठ लिपिक. समोर येईल त्या कागदावर ते 'पाहिले' असं लिहितात आणि मग, वेळ मिळाला तर, पाहतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण आमचे हे इमारत खात्यात आहेत.

ह्यांचंही एक व्रत आहे. कार्यालयातली गोष्ट घरात बोलायची नाही. लग्न झाल्यापासून हा नेम त्यांनी एकदाही मोडलेला नाही. मागे आमच्या कार्यालयाचं छप्पर दुरुस्तीसाठी उघडायचं ठरलं. त्या आदेशावर सही ह्यांची. सकाळी आभाळ भरून आलेलं, आणि ह्यांनी मला दारापर्यंत येऊन निरोप दिला. दुपारी मी टेबलासकट भिजून घरी आले. मी म्हटलं, निदान छत्री घेऊन जा एवढं तरी सांगायचं होतंत. ह्यांनी मला कोरडा टॉवेल आणून दिला आणि म्हणाले, "खात्याची बाब होती."

तर असा आमचा संसार. मी देवासाठी गप्प आणि हे नियमासाठी. मधे सासूबाई एकट्या दोघांच्या वाटचं बोलतात.

त्या दिवशी आमच्याकडे समन्वय बैठक होती. केंद्राची चार खाती एकत्र बसतात आणि कोणती गोष्ट कुणाच्या अखत्यारीत येत नाही हे एकमताने ठरवतात, तिला समन्वय बैठक म्हणतात. वेळ अकरा ते बारा. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय होता: बेट कार्यालयाला प्रमुख नेमणे.

बेट कार्यालय म्हणजे आमच्या खात्यातली काळ्या पाण्याची शिक्षा. एक बेट, त्यावर एक मनोरा, मनोऱ्यावर एक घड्याळ, आणि ते चालतंय का हे पाहायला केंद्र सरकारचं एक अख्खं कार्यालय. तिथे बोट जाते ती समुद्राच्या मर्जीने. फोन लागतो तो वाऱ्याच्या मर्जीने. आधीचा प्रमुख निवृत्त झाला तेव्हा निरोपसमारंभाला कुणी पोहोचू शकलं नाही म्हणून त्याने स्वतःच स्वतःचं भाषण केलं म्हणतात.

ज्येष्ठतेप्रमाणे टिपणीकाकांचा किंवा माझा नंबर लागणार हे मला माहीत होतं. पण मी निर्धास्त होते. विषय शेवटाकडे, म्हणजे बाराच्या आसपास येणार. बारा वाजले की माझं मौन सुटणार. मग मी उठून शांतपणे सांगणार, की घरी अंध सासूबाई आहेत, मला जाता येणार नाही. सगळं नीट ठरवलेलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

आता दोन नियम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिला, खात्याच्या आवारात खात्याचंच घड्याळ प्रमाण, आणि ज्या खोलीत बसलोय तिथलं. घड्याळ खात्याची माणसं मनगटावर स्वतःची घड्याळं बांधून फिरू लागली तर लोकांचा आमच्यावर विश्वास काय राहणार? म्हणून मनगटी घड्याळं आणि फोन दाराशी जमा करायचे. पाहुण्यांनीसुद्धा. दुसरा, आपलं घड्याळ आपण तपासायचं नाही, कारण त्याने निःपक्षपातीपणाला बाधा येते. ते दुसऱ्या खात्याने तपासायला हवं. आणि घड्याळं तपासणारं दुसरं खातं केंद्र सरकारकडे नाही. त्यामुळे देशातलं कधीच न तपासलेलं घड्याळ जर कुठे असेल तर ते आमच्या बैठकीच्या खोलीत आहे.

भलंमोठं गोल, टोल देणारं घड्याळ. तास आणि मिनिटं दाखवणारे दोनच काटे, सेकंदकाटा नाही, त्यामुळे ते चालतंय की नुसतं टांगलंय हे बघून कळत नाही. मी बरोबर त्याच्यासमोर बसले होते.

मोठे साहेब विषयपत्रिका वाचत होते, टिपणीकाका इतिवृत्त लिहीत होते, भांडार आणि वीज खात्याची माणसं माना डोलावत होती. घड्याळात पावणेबारा झाले. एवढ्यात इमारत खात्याचे प्रतिनिधी उशिरा आले. त्या खोलीचं दार फुगलेलं आहे, आपटल्याशिवाय लागत नाही. प्रतिनिधींनी ते असं काही आपटलं की भिंत हादरली. दार आपटून ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमची आजवर गाठ पडलेली नाही.

हो. हेच ते. सकाळी ह्यांचा डबा भरून दिला होता मी. बैठकीला येणार आहे म्हणून एक अक्षर बोलले असतील तर शपथ.

विषय पुढे सरकत राहिले. मी घड्याळाकडे बघत राहिले. पावणेबारा. पुन्हा पाहिलं, पावणेबारा. मला वाटलं, मन अधीर झालं की वेळ अशीच लांबते, माळ ओढतानाही होतं तसं कधीकधी. साहेबांनीही मधेच वर पाहिलं आणि समाधानाने म्हणाले की अजून बारा वाजलेले नाहीत, आणखी दोनचार विषय उरकून घेऊ. मग त्यांनी मागच्या बैठकीतले राहिलेले विषय काढले. ते संपल्यावर पुन्हा वर पाहिलं. पावणेबाराच. साहेब खूश. म्हणाले, आज कामाचा उरक चांगला आहे.

वीज खात्याच्या माणसाच्या पोटात कावळे ओरडत असलेले मला इथवर ऐकू येत होते. पण घड्याळ खात्यात बसून खात्याच्या घड्याळावर शंका कोण घेणार?

आणि मग बेट कार्यालयाचा विषय आला. साहेबांनी माझं नाव वाचलं आणि विचारलं, कुणाची काही हरकत?

आमच्याकडे हरकत घ्यायची ती तोंडी आणि बैठकीतच. कुणी काही बोललं नाही तर संमती आहे असं गृहीत धरतात. सगळं सरकार या एका गोष्टीवर चालतं. लोक बोलायला लागले तर एक काम व्हायचं नाही.

घड्याळात पावणेबारा! मी चिठ्ठी खरडली, 'थांबा, बारा वाजले की बोलते,' आणि शेजारी टिपणीकाकांकडे सरकवली. काकांनी त्यावर 'पाहिले' असं लिहिलं आणि चिठ्ठी फाईलला लावून टाकली. मी समोर ह्यांच्याकडे पाहिलं, डोळ्यांनी विनवलं. ह्यांना माझं मौन माहीत आहे, आईंची अडचण माहीत आहे, सगळं माहीत आहे. ह्यांनी पेन्सिलीचं टोक न्याहाळायला सुरुवात केली. शेवटी काही सुचेना तेव्हा मी हात वर केला. थांबा, अशा अर्थाने.

साहेबांचा चेहरा उजळला.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "बाईंनी स्वतः हात वर केला. बेटावर जायला स्वतःहून तयार झालेलं माणूस या खात्यात मी पहिल्यांदा पाहतोय."

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी टिपणीकाकांच्या.

त्यापुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पदराखाली माळ ओढत होते एवढं आठवतं. समोर हे उभे राहून इमारत खात्यातर्फे काहीतरी वाचत होते, भिंतींना तडे, छप्पर धोकादायक, सामान हलवणे, असं काहीबाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, कुणाची हरकत? आणि का कोण जाणे, या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना माझी दया येतेय. मला डोळ्यांपुढे सासूबाई दिसत होत्या, भिंतीला हात लावून माझ्या आवाजाची वाट पाहणाऱ्या. मी कशी हरकत घेणार, आणि कशाला?

बैठक संपवून बाहेर आले तर व्हरांड्यातल्या घड्याळात एक वाजून गेला होता. म्हणजे मौन केव्हाच सुटलं होतं, आणि मला बोलायचा हक्क असताना मी तोंडाला कुलूप लावून बसले होते.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोथी घे. निदान हा अध्याय तरी पुरा होईल." माझा आवाज वाचताना इतका कापत होता की त्यांनी एकही उच्चार सुधारला नाही. तेच जास्त लागलं मला.

हे जेवायला बसले. भूक चांगली लागली होती. बारा वाजलेलेच नसल्यामुळे ह्यांचं दुपारचं जेवण बुडालं होतं. मी ताट वाढताना म्हटलं, आईंचं काय करायचं ते तरी ठरवा. ह्यांनी आणखी भात मागितला. मग जणू भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "सामान बांधायची घाई करू नकोस."

मला आला राग! मी सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही, पण आमटी जरा जोरात वाढली.

"आणि तिथे बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"आमच्या खात्याचा संबंध नव्हता."

"अहो, तुमच्या बायकोचा होता."

"बायको म्हणून तू हजर नव्हतीस," हे म्हणाले आणि ताटात पाणी सोडून उठले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "एक बारापर्यंत गप्प आणि एक जन्मभर. बरी जोडी जमवली मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, व्हरांड्यातल्या घड्याळात बारा वाजताच मी उठले आणि थेट साहेबांच्या खोलीत गेले. टिपणीकाका माझ्यामागून, इतिवृत्तावर साहेबांची सही घ्यायला. मी साहेबांना सगळं सांगितलं, व्रत सांगितलं, सासूबाई सांगितल्या. साहेब मनाने वाईट नाहीत. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले की बाई, तुमचं मौन बाराला सुटतं ना, आणि बैठक तर एक वाजेपर्यंत चालली. तुमचा विषय आला तेव्हा बारा नक्की वाजलेले होते. बोलायला काय हरकत होती?

"साहेब," मी हळूच विचारलं, "कुठल्या घड्याळात?"

टिपणीकाकांनी सहीचा कागद मागे घेतला. आम्ही तिघं उठून बैठकीच्या खोलीत गेलो आणि मान वर करून उभे राहिलो.

पावणेबारा.

"बंद पडलंय," टिपणीकाका म्हणाले.

"तसं म्हणू नका," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "घड्याळ निरीक्षणालयाचं घड्याळ बंद पडलंय? असं इतिवृत्तात गेलं तर वरून चौकशी येईल. ती कुठल्या खात्याकडून येईल हे ठरेपर्यंत मी निवृत्त होईन, आणि मग पेन्शन अडकेल."

"मग काय लिहू?"

"घड्याळ चालू आहे असं लिहा."

टिपणीकाकांनी चष्मा पुसला. घड्याळ चालू आहे आणि त्यात पावणेबारा वाजलेत, असं लिहिलं तर, ते सावकाश म्हणाले, अकरा ते बारा अशी ठरलेली बैठक अजून संपलेली नाही. कालपासून चालूच आहे. सगळे बाहेर गेले ते, फार तर, चहाला गेले असं म्हणता येईल.

साहेबांनी विचार केला. चौकशी नको असेल तर दुसरी वाट नव्हती. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले. "मग बोलवा सगळ्यांना," म्हणाले. "बैठक पुढे चालू. बाईंची हरकत असेल तर अजून वेळ गेलेली नाही."

मला देव पावल्यासारखं झालं. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कारण माझ्या लक्षात आलं, की बैठक संपलेली नाही याचा अर्थ अजून बारा वाजलेले नाहीत. आणि बारा वाजलेले नाहीत याचा अर्थ माझं मौन चालू आहे! साहेबांच्या खोलीत मी बोलले ते व्हरांड्यातल्या घड्याळावर. या खोलीत या खोलीचं घड्याळ प्रमाण. बोलायचं तर बारा वाजायला हवेत, आणि बारा वाजले की बैठक संपणार, मग बोलून उपयोग काय? मी टिपणीकाकांच्या कागदावर ही अडचण लिहून दाखवली. या वेळी त्यांनी 'पाहिले' लिहिण्याआधी खरंच पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

साहेबांनी डोकं धरलं. मग म्हणाले, बाराच्या ठोक्याला बोललेलं बैठकीत बोललेलं धरू. पण तो ठोका या घड्याळात पडणार कसा? हात लावायला बंदी, तपासायला बंदी.

तोवर भांडार आणि वीज खात्याची माणसं आली, कालच्याच खुर्च्यांत बसली, आणि आपण अजून चहालाच गेलो आहोत हे ऐकून त्यांना बरं वाटलं. फक्त इमारत खात्याचे प्रतिनिधी यायचे होते. नेहमीप्रमाणे उशिरा.

हे आले. माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. आणि मागे वळून दार आपटलं.

भिंत हादरली. घड्याळात काहीतरी खडखडलं. आणि त्या शांततेत आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: टक. टक. टक.

कुणी हललं नाही. साहेबांनी फक्त हात उचलून सगळ्यांना बसायची खूण केली, जणू एखाद्या फांदीवर पाखरू बसलंय आणि ते उडून जाईल. मग सगळे बसले. एक शब्द नाही. घड्याळाला बारा वाजवायला पाव तास हवा होता आणि आमच्यापैकी कुणाचीही बोलायची छाती नव्हती. केंद्र सरकारची चार खाती एका टेबलाभोवती पाव तास गप्प बसली. भांडार खात्याच्या माणसाने हात जोडून घेतले होते. वीज खात्याच्या माणसाला ठसका येत होता, तो त्याने रुमालात दाबला. मी माळ ओढत होते आणि मनात म्हणत होते, देवा, मी इतके दिवस एकटीने पाळलं, आज बघ किती जण आलेत.

हे पेन्सिलीचं टोक न्याहाळत होते. पण एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नको, अशी. मला वाटलं, धीर देतायत, घाबरू नको म्हणतायत. मला इतकं भरून आलं!

मोठा काटा बारावर गेला. पहिला टोल पडला. मी उठले आणि म्हटलं, "माझी हरकत आहे."

आवाज नेहमीसारखाच हळू निघाला असणार, पण त्या खोलीत तो घंटेसारखा वाजला. साहेबांनी घाम पुसला. बाईंची नेमणूक रद्द, असं जाहीर केलं. मग टोल संपायच्या आत घाईने विचारलं, की बेट कार्यालयाला दुसरं कोण? टिपणीकाका, ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःहून फाईल उचलली नाही, ते ताडकन उठले आणि म्हणाले, "मी जातो." बारावा टोल पडला. बैठक संपली.

मी खोलीबाहेर आले आणि व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिले. छातीवरची शिळा उतरली होती. संध्याकाळी पोथीचा पुढचा अध्याय होणार होता. त्यानंतरचाही. टिपणीकाकांबद्दल तर इतका आदर वाटला, की आजवर त्यांच्या 'पाहिले'ला हसले त्याचं वाईट वाटलं. त्या वयात समुद्रापार! माझ्यासाठी!

मी त्यांना नमस्कार करायला वळले, तेवढ्यात फाटकाशी ट्रक येऊन थांबला. चालकाने खिडकीतून डोकं काढलं.

"बेट कार्यालय कुठे उतरवू?" त्याने विचारलं.

मी ट्रकमध्ये पाहिलं. एक टेबल, एक गादीची खुर्ची, एक कपाट, एक नवाकोरा पंखा आणि 'बेट कार्यालय' अशी पाटी.

"तिथे, खिडकीपाशी," टिपणीकाकांनी बोट दाखवलं. माझ्या टेबलापासून चार पावलांवर, जिथे दिवसभर वारा येतो आणि बाहेरची झाडं दिसतात. "आणि हळू उतरवा, खुर्ची प्रमुखाची आहे."

काका तसे आतल्या गाठीचे नाहीत. विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. बेटावरची इमारत धोकादायक म्हणून इमारत खात्याने काल बैठकीतच परत मागितली आणि कार्यालय आमच्याच इमारतीत हलवायला सांगितलं. सामान बांधून कधीचं बंदरावर येऊन पडलं होतं, फक्त मंजुरीची वाट होती. हरकत घ्यायचा अधिकार बेट कार्यालयाच्या प्रमुखाचा. आणि प्रमुख त्या घटकेला मी होते. म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मी गप्प बसले आणि माझ्याच संमतीने ते कार्यालय बेटावरून उठून इथे, माझ्या शेजारी राहायला आलं. बेटावरचं घड्याळ आता काका वाऱ्याची मर्जी पाहून फोनवर तपासणार. म्हणजे बदली होती ती चार पावलांची, तीही बढतीवर, पंख्याखाली. आणि तिच्यावर मी भर बैठकीत, बाराच्या ठोक्याला, चार खात्यांना मौन पाळायला लावून हरकत घेतली!

इतिवृत्त काकांनीच लिहिलं होतं, त्यामुळे त्यांना हे कालपासून माहीत होतं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्ही टिपणी पाठवली असती तर उत्तर दिलं असतं."

घरी आले. सासूबाईंनी माझा आवाज ऐकला आणि भिंत सोडून थेट माझ्याकडे चालत आल्या. माझा हात हातात घेतला. मी सगळी हकीगत सांगितली, खिडकीसकट. त्या हसतहसत खाली बसल्या, मग म्हणाल्या, "जाऊ दे गं. पंखा मी घालीन."

हे हातपाय धुऊन आले. मी विचारलं, "तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं?"

"खात्याची बाब होती."

"आणि ती मान हलवलीत ती?"

ह्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. मग, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, खात्याबद्दल घरात एक वाक्य बोलले.

"हरकत घेऊ नकोस म्हणत होतो."

पोथीचा अध्याय त्या संध्याकाळी पुरा झाला. सासूबाईंनी माझे उच्चार पाच ठिकाणी सुधारले, आणि मला प्रत्येक वेळी इतकं बरं वाटलं की सहावा मी मुद्दाम चुकवला.

आता सगळं पूर्वीसारखं आहे. काका खिडकीशी वारा खात बसतात. मला त्यांच्याकडून टाचणी हवी असली तर टिपणी बेटाच्या पत्त्यावर जाते आणि बोटीने परत येते. बैठकीच्या खोलीतलं घड्याळ बरोबर चालतंय की नाही हे मी सांगू शकत नाही, ते तपासायचा आम्हाला अधिकार नाही.

मी मात्र हल्ली बाहीच्या आत, कोपराच्या वर, एक लहानसं घड्याळ बांधते. कृपा करून आमच्या ह्यांना सांगू नका. तसे ते कुणाला सांगणार नाहीत म्हणा.